फ्लेमिंगोच्या मानेवर खवले

‘फोटो शार्प कसा करू?’ असं विचारणारी सात पत्रं या वेळी आली. चार घेतली आहेत. उरलेल्या तिघांची उत्तरं यांतच कुठे ना कुठे आहेत, त्यांनी रागावू नये.

प्रश्न : सर, मी बारामतीला बँकेत नोकरी करतो. पक्ष्यांचे फोटो हा चार वर्षांचा नाद. निकॉन डी ५६०० आणि ७०-३०० लेन्स आहे. जानेवारीत भिगवणला दोनदा जाऊन फ्लेमिंगो काढले. सोसायटीच्या हॉलमध्ये १२ बाय १८ इंचांचे तीन प्रिंट लावायचे ठरलं आहे, पण फोटो मऊ वाटतात. ग्रुपमधले मित्र म्हणतात, एआयवाला शार्पनिंगचा प्लग-इन (फोटोशॉपला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घे, एका क्लिकचं काम. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणतात, प्लग-इन आळशी माणसांसाठी, तू फोटोशॉपमध्ये हाय पास शीक. मी प्लग-इनची चाचणीची प्रत उतरवून पाहिली. पिसं कडक दिसतात, पण मानेवर काहीतरी विचित्र झालंय असं बायको म्हणते. मला नीट कळत नाही. त्या प्लग-इनच्या पैशात बरा ट्रायपॉड येतो. काय करू? तिन्ही फोटो मूळ रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या, फायलींसह पाठवत आहे.

उत्तर : आधी तुमचे फोटो शंभर टक्क्यांवर उघडून पाहिले, पत्र नंतर वाचलं. पत्र आधी वाचलं की मी प्लग-इनवर भाषण द्यायला लागतो आणि फोटो बघायचा राहून जातो.

पहिला फोटो थव्याचा. पंखांची टोकं पुसलेली आहेत, ते चालतं, उडणाऱ्या पंखाला थोडी पुसट शोभतेही. पण पाण्यावर चमकणारे ठिपके बघा. ठिपका गोल हवा. तुमच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याची आडवी रेघ झाली आहे, सगळ्यांची एकाच दिशेला. म्हणजे कॅमेरा हलला. फायलीत शटर १/४०० दिसतं. ३०० मिमीची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर ४५० सारखी वागते, त्यात तुम्ही होडीत बसलेले आणि होडीचं इंजिन चालू. उडत्या पक्ष्याला १/२००० ठेवा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, घालवता येतो, शेक जात नाही.

दुसरा फोटो सकाळी साडेदहाचा, लांब उथळ पाण्यात उभी असलेली रांग. फ्लेमिंगोंचे पाय पाण्याबाहेरसुद्धा नागमोडी दिसतात. तापलेल्या तव्याच्या वरून पलीकडे बघितल्यावर दिसतं ना, तसं. ऊन वर आलं की उजनी धरणाच्या उथळ पाण्यावरची आणि चिखलावरची हवा हलायला लागते. लांब लेन्सला ती हलणारी हवाच आधी दिसते, पक्षी नंतर. यात कॅमेऱ्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. हा फोटो शार्प होणार नाही. कुणी करून दिला तर त्यानं पाय नवे काढले असं समजा.

तिसरा फोटो मात्र सुरेख आहे. सात पन्नासची वेळ, होडी थांबलेली, एफ ८, १/१२५०, एकटा पक्षी मान मागे वळवून पिसं साफ करतोय. फोकस डोळ्यावर बरोबर बसला आहे. फोटो फक्त मऊ आहे, आणि शार्पनिंग नावाची गोष्ट जन्माला आली ती या मऊपणासाठीच. सेन्सरचा प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा किंवा निळा यांतला एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजानं भरले जातात. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी ही मांडणी शोधली, तिचं पेटंट १९७६ चं, आणि आपले बहुतेक कॅमेरे आजही तीच वापरतात. अंदाज बांधताना कडा थोड्या मऊ होतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे मुद्दाम किंचित धूसर करणारी एक काचही असते. तुमच्या डी ५६०० मध्ये ती नाही, म्हणजे तुम्हाला इतरांपेक्षा थोडं कमीच शार्पनिंग लागेल.

तर तीन फोटोंपैकी दोघांचं औषध कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. पुढच्या खेपेला कुंभारगावच्या नावाड्याला आदल्या रात्री फोन करा, उजाडताना पाण्यात असा, आणि पक्षी जवळ आले की इंजिन बंद करून बांबूनं होडी न्यायला सांगा. नावाडी ते आनंदानं करतात, त्यांचं डिझेल वाचतं. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, होडी हलली की तोही हलतो. बीन बॅग न्या. घरी शिवलेली, तांदूळ भरलेली चालते.

आता तिसऱ्या फोटोकडे आणि तुमच्या त्या भांडणाकडे येतो.

१९८४ साली मी पुण्यात एका प्रोसेस स्टुडिओत मदतनीस म्हणून लागलो. कॅलेंडरं आणि मासिकांची मुखपृष्ठं छापायला जाण्याआधी रंग वेगळे करण्याचं काम तिथं चाले. मूळ पारदर्शिका आली की आमचे उस्ताद तिची एक फिकट, उलटी प्रत फिल्मवर काढायचे, आणि ती काढताना दोन फिल्मांच्या मध्ये एक पारदर्शक पट्टी सरकवायचे, म्हणजे प्रत धूसर यावी. मी नवा होतो. पहिल्या आठवड्यात मी ती पट्टी ‘चुकून राहिली’ म्हणून काढून टाकली आणि चांगली कडक प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी काही न बोलता ती कचऱ्यात टाकली आणि मला चहा आणायला पाठवलं.

ती धूसर प्रत म्हणजेच अनशार्प मास्क. मूळ पारदर्शिकेवर ती चिकटवली की सपाट भागांतला फरक थोडा दबतो. कडेवर मात्र धूसर प्रत मूळ चित्राशी जुळत नाही, त्यामुळे कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ आणि काळ्या बाजूला आणखी काळी अशी बारीक किनार उमटते. डोळ्याला वाटतं, कड तीक्ष्ण झाली. नवा तपशील त्यात एक कणही येत नाही. फोटोशॉपमध्ये ‘अनशार्प मास्क’ असं उफराटं नाव बघून माझे विद्यार्थी हसतात, पण नाव डार्करूममधून तसंच्या तसं आलं आहे. अमाउंट म्हणजे किनार किती ठळक, रेडियस म्हणजे किती रुंद, थ्रेशोल्ड म्हणजे किती बारीक फरकाला हात लावायचा नाही. संपलं.

तुमच्या ज्येष्ठांचा हाय पास याचाच सख्खा भाऊ. फोटोतून त्याची धूसर प्रत वजा केली की करडं, कडांचं चित्र उरतं. तेच परत मूळ फोटोवर ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट या मिसळण्याच्या पद्धतीनं टाकायचं. बरेचसे जुने प्लग-इन आतून हेच गणित करतात, वर बटणं चांगली लावलेली. तेव्हा हात की प्लग-इन हे भांडण मला चुलीवर शिजवलेलं चांगलं की कुकरमध्ये, अशा थाटाचं वाटतं. मी दोन्ही वापरतो.

पण तुम्ही जी चाचणीची प्रत उतरवलीत ती या घराण्यातली नाही. एआयवाले प्लग-इन नुसती किनार ठळक करत नाहीत. लाखो फोटो बघून ‘पिसं साधारण अशी असतात’ हे ते शिकलेले असतात आणि जिथं तपशील नाही तिथं तो भरतात. वहिनीसाहेबांची नजर तुमच्यापेक्षा तयार आहे. फ्लेमिंगोच्या मानेवरची पिसं इतकी बारीक की त्या अंतरावरून ती कॅमेऱ्यानं नोंदवलीच नाहीत. नोंदवला तो आयएसओ १६०० चा नॉइज. प्लग-इनला त्या दाण्यांत रचना दिसली आणि त्यानं मानेवर खवले काढून दिले. पाठवलेली प्रत तिरपी धरून बघा, मान कटल्याची वाटते. भिगवणच्या कोळ्यांना हा पक्षी विकाल.

एआय शार्पनिंग सरसकट टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या पहिल्या फोटोतला शेक एवढा मोठा नसता, एक-दोन पिक्सेलांचा असता, तर मी स्वतःच तुम्हाला चाचणीच्या प्रतीवर एकदा चालवून बघा म्हटलं असतं. पण मग ती शार्प झालेली प्रत वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवरच्या थरावर, ठेवून फक्त चोच आणि डोळ्याभोवती मास्कनं, म्हणजे झाकणानं, उघडायची, मानेवर आणि पाण्यावर नाही. स्पर्धेला फोटो पाठवणार असाल तर आधी नियम वाचा. वन्यजीवांच्या अनेक स्पर्धा मूळ रॉ फाइल मागतात आणि मानेवरचे खवले मूळ फायलीत नसतात.

तिसरा फोटो मी हातानं केला. कसा, ते सांगतो.

लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडली. आधी नॉइज कमी केला; हा क्रम चुकला की दाण्यांना धार लागते. मग शार्पनिंगमध्ये अमाउंट ४० जसा होता तसाच ठेवला, रेडियस १ वरून ०.८ वर आणला कारण पिसं बारीक, डिटेल २०. आता मास्किंगचा स्लायडर. ऑल्ट की दाबून धरून तो सरकवा. चित्र काळंपांढरं होईल. पांढरं ते शार्प होणार, काळं ते सुटणार. पाणी पूर्ण काळं होईपर्यंत गेलो, ७० वर थांबलो. पन्नास फोटोग्राफरांपैकी चाळीस जण तो स्लायडर शून्यावरच ठेवतात आणि मग ‘आकाशात दाणे येतात’ म्हणून मला पत्र लिहितात. (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.)

इथवरचं शार्पनिंग कॅमेऱ्याच्या मऊपणाचं. शेवटचं, कागदासाठीचं शार्पनिंग अगदी शेवटी, आणि अंतिम मापावरच. तुम्ही कापलेला तुकडा ३६०० बाय २४०० पिक्सेलचा. १८ इंचांवर तो इंचाला २०० पिक्सेल भरतो. हॉलमध्ये चार फुटांवरून बघणाऱ्याला २०० भरपूर झाले, फोटो फुटणार नाही. रेडियससाठी माझा ठोकताळा सोपा: इंचाला जितके पिक्सेल त्याला २०० नं भागा. इथं १. लेयरची नक्कल केली, तिचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेवला म्हणजे गुलाबी पिसांच्या कडेला रंगीत रेघा येणार नाहीत, आणि अनशार्प मास्क लावला: अमाउंट १३०, रेडियस १, थ्रेशोल्ड २. नंतर त्या लेयरला काळा मास्क देऊन पांढऱ्या ब्रशनं डोळा, चोचीची काळी कड आणि मिटलेल्या पंखाची पिसं तेवढी उघडली. मान सोडली. पाणी सोडलं. पाठीच्या उजळ कडेला पांढरी रेघ दिसायला लागली होती, ती ब्लेंड इफचा (लेयर कुठल्या उजेडात दिसावा ते ठरवणाऱ्या सेटिंगचा) पांढऱ्या बाजूचा स्लायडर फोडून दाबली. एकूण बारा मिनिटं, त्यातली चार चष्मा शोधण्यात.

पडद्यावर हे किंचित जास्त वाटेल. वाटू दे. कागदावर शाई पसरते आणि मॅट कागदावर जास्त पसरते, तिथं ते बरोबर बसतं. खात्री हवी तर अठरा इंची फायलीतून डोळ्याजवळचा ४ बाय ६ इंचांचा तुकडा कापा, माप न बदलता. अमाउंट ८०, १३० आणि २०० असे तीन तुकडे लॅबला द्या, मागे पेन्सिलनं आकडे लिहा, भिंतीला टाचा आणि चार फुटांवर उभे राहा. वहिनींनाही उभं करा. हा खर्च एका वडापावात बसतो आणि तो तुम्हाला जे शिकवेल ते कुठल्याही प्लग-इनच्या पुस्तिकेत नाही.

मग प्लग-इन कधी घ्यायचा? वर्षभर वीस-पंचवीस फोटो असे हातानं करा. २०० चा तुकडा कुठला आणि १३० चा कुठला हे मागचा आकडा न बघता ओळखता यायला लागलं, आणि दर महिन्याला तीस-चाळीस प्रिंट काढायची वेळ आली, की घ्या. माझ्याकडे प्रिंटचं काम येतं तेव्हा मी नीक कलेक्शनमधला आउटपुट शार्पनर वापरतो. तो कागद कुठला, बघणारा किती अंतरावर, असं विचारतो आणि माझा हिशेब वाचवतो. तो काय करतोय हे मला माहीत असतं, म्हणून बिघडलं तर कळतं. एक मात्र लक्षात ठेवा. हे नीक गुगलनं २०१२ मध्ये घेतलं, २०१६ मध्ये सगळ्यांना फुकट वाटलं, २०१७ मध्ये ते डीएक्सओकडे गेलं आणि आता पुन्हा पैसे मोजून घ्यावं लागतं. माझा दुसरा एक जुना, आवडता प्लग-इन नव्या संगणकावर उघडेचना. त्याच्या भरवशावर अर्धवट ठेवलेल्या फायली मला पहिल्यापासून कराव्या लागल्या. अनशार्प मास्क मात्र मी १९८४ पासून वापरतो आहे.

ट्रायपॉडचे पैसे राखून ठेवा. होडीत नाही, पण किनाऱ्यावरून चित्रबलाक काढताना लागेल.

प्रश्न : काका, मी सांगलीत लग्नाचे फोटो काढतो. एका लग्नाचे ९०० फोटो द्यावे लागतात. तुमच्या एका कार्यशाळेत तुम्ही हातानं मास्क काढून शार्प करायला शिकवलं होतं. तसं करायला गेलो तर एका लग्नाला पुढचं लग्न येईल. शिवाय अल्बम छापून आला की नवरीच्या चेहऱ्यावर पुरळ दिसतं, जे पडद्यावर दिसत नव्हतं. चांगला प्लग-इन सुचवा.

उत्तर : बाळा, ९०० फोटोंना हातानं मास्क काढायला मी कधी सांगितलं? ते त्या २५ फोटोंसाठी होतं, जे आई-वडील फ्रेम करून भिंतीला लावतात.

तुला प्लग-इनही नको, एक प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली सेटिंग, पुरे. लाइटरूममध्ये चेहऱ्याचा एक जवळचा फोटो घे, मास्किंग ८० पर्यंत ने, गालावरचं पांढरं जाऊन डोळे, भुवया, ओठ आणि नथ एवढंच पांढरं उरेल तिथं थांब. डिटेल १५ च्या वर नेऊ नकोस. हा प्रीसेट सगळ्या जवळच्या फोटोंना. मंडपाच्या, अक्षता उडतानाच्या लांबच्या फोटोंना वेगळा, मास्किंग ४० चा. फक्त शालूची जर आणि ठुशी-चिंचपेटीचे जवळचे फोटो असतील तिथं ब्रशनं हात फिरव. जरीला जास्त धार लावलीस तर ती चमकायचं सोडून किरकिरी दिसते, मीठ सांडल्यासारखी.

पुरळ कुठून आलं ते सांगतो. तू एक्स्पोर्ट करताना ग्लॉसी, हाय असं शार्पनिंग लावतोस, हे तुझ्या सेटिंगच्या फोटोत दिसतंय. अल्बम छापणारेही बहुधा आपल्याकडून लावतात. एकाच चेहऱ्यावर दोनदा वस्तरा फिरला तर रक्त येणारच. त्यांना फोन करून विचार, ‘तुमच्याकडे शार्पनिंग होतं का?’ हो म्हणाले तर तुझं बंद कर. विचारायला लाजू नकोस. मी छापखान्याच्या आतून सांगतो, तिथं कुणीच विचारत नाही म्हणून सगळ्यांना सारखंच मिळतं.

प्रश्न : मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे, फोटोशॉप परवडत नाही. फुकटात चांगलं शार्पनिंग होतं का, की हौस सोडून देऊ?

उत्तर : हौस कशाला सोडता! गिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनचा फिल्टर म्हणजे अनशार्प मास्कच आहे, पण तो उघडल्यावर रेडियस ३ असतो. नेहमीच्या शार्पनिंगला तेवढा लागत नाही. पहिल्यांदा १ वर आणा आणि मग बाकीचं बघा.

रॉ काढत असाल तर रॉथेरपी हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून त्यात कॅप्चर शार्पनिंग आहे, आणि ते कित्येक महागड्या सॉफ्टवेअरांना खाली बघायला लावेल. ते कडांना किनार लावत नाही, धूसरपणा कसा झाला असेल याचं गणित मांडून तो उलटा फिरवायचा प्रयत्न करतं. या पद्धतीच्या मुळाशी रिचर्डसन आणि ल्युसी यांचं १९७२ आणि १९७४ मधलं काम आहे. १९९० मध्ये हबल दुर्बीण वर गेली आणि तिचा आरसा चुकीचा घासला गेल्याचं कळलं, तेव्हा १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत खगोलशास्त्रज्ञांनी अशाच गणितांनी चित्रं साफ केली. तुमचा तर शिकण्याचा विषयही जवळचा आहे. परीक्षेनंतर त्याचा कोड उघडून बघा आणि मला समजावून सांगा. मला अर्धाच कळला आहे.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, १९५० च्या आसपासचा, साताऱ्याजवळच्या गावी काढलेला. अकरा माणसांचा ग्रुप, फोटो तळहाताएवढा, आजीचा चेहरा वाटाण्याएवढा. भाचीनं तो स्कॅन करून एका एआय ॲपमध्ये शार्प केला. चेहरा एकदम स्वच्छ आला, डोळ्यातली बुबुळंसुद्धा. घरात सगळ्यांना आवडला. पण माझी आई, जी आता ८१ वर्षांची आहे, ती बघून म्हणाली, ‘ही कोण?’ आम्हाला तो मोठा करून देवघराशेजारी लावायचा आहे. हातानं केला तर आजी परत येईल का?

उत्तर : ताई, तुम्ही दोन्ही प्रती पाठवल्यात ते बरं केलंत. मी त्या शेजारी शेजारी ठेवल्या. मूळ फोटोत आजींच्या कपाळावर, कुंकवाच्या खाली, एक गोंदण आहे. तीन ठिपके, त्यातला एक पुसट. ॲपला ते फोटोवरचे डाग वाटले आणि त्यानं ते पुसून टाकले. हनुवटीवरचा ठिपकाही गेला. डावा डोळा मूळ फोटोत उजव्यापेक्षा किंचित लहान आहे. ॲपनं दोन्ही सारखे केले. आई बरोबर म्हणाल्या. ती कुणीतरी बाई आहे, छान आहे, पण तुमच्या घरची नाही.

भाचीवर रागावू नका. तिला जो स्कॅन मिळाला त्यात काही नव्हतंच. तुमचा स्कॅन ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा आहे. पाच मिलिमीटरच्या चेहऱ्याला त्यात जेमतेम ६० पिक्सेल मिळतात, म्हणजे एका डोळ्याला सात-आठ. त्यातून मी हातानं काय किंवा देवानं काय, काढणार तरी किती? तोच फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करा, चेहऱ्याला २३५ च्या वर मिळतील. त्याहून पुढे गेलात तर बहुतेक कागदाचे धागे मोठे होतील, चेहरा नाही. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये शार्पनिंग आणि डाग काढणं असेल ते बंद करा. फाइल टिफमध्ये ठेवा.

तुमच्या फोटोच्या कागदाला बारीक दाणेदार पोत आहे, रेशमी म्हणायचे तो. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं पडतो आणि त्या दाण्यांच्या सावल्या येतात. शार्प केलं की आधी त्याच वर येतात. यावर जुनी युक्ती आहे. एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो उलटा फिरवून, म्हणजे डोकं खाली करून, दुसऱ्यांदा. संगणकावर दुसरा सरळ करून पहिल्यावर बसवा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० टक्के ठेवा. सावल्या एकमेकींना बऱ्याचशा मारतात. जुळवणी करताना आजींच्या नथीकडे आणि मागच्या दाराच्या कडीकडे बघा, त्या दोन ठिकाणी नीट बसलं तर सगळं बसलं.

मग शार्पनिंग, पण नेहमीचं नाही. अशा विटलेल्या फोटोला बारीक रेडियस देऊन उपयोग नसतो, कारण बारीक काही त्यात उरलेलं नाही. उलटं करा: अनशार्प मास्क, अमाउंट फक्त २०, रेडियस ४०, थ्रेशोल्ड ०. याला शार्पनिंग म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, पण गालाचा उंचवटा, पदराची घडी, डोळ्याखालची सावली वर येते आणि चेहरा मागच्या भिंतीपासून सुटा होतो. ओरखडे आणि बुरशीचे डाग क्लोननं काढा. एकेक, हातानं, आणि कपाळाजवळ पोचलात की आईंना शेजारी बसवा. कुठला ठिपका डाग आणि कुठला गोंदण, हे त्यांच्याशिवाय आता कुणाला सांगता येणार नाही.

मोठा म्हणजे किती मोठा करणार, हे तुम्ही लिहिलं नाही. ए थ्रीचा विचार असेल तर सोडा. फक्त आजींचा चेहरा आणि खांदे घेतले तर पोस्टकार्डाच्या मापापुढे जाऊ नका. त्यापेक्षा अकराही माणसं ठेवून ८ बाय १० चा प्रिंट काढा, मॅट कागदावर. चेहरा पंधरा-सोळा मिलिमीटरचा येईल. लांबून ओळखू येतील आणि जवळ गेल्यावर कागद विरघळणार नाही.

आणखी एक. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे असं तुम्ही लिहिलंत आणि तो पाठवायला विसरलात. तो पाठवा. त्या काळी ग्रुप फोटो बऱ्याचदा मोठ्या निगेटिव्हवर काढत आणि छोटे प्रिंट, फोटोचा कागद निगेटिव्हला थेट टेकवून, तिच्याच मापाचे छापत. तुमच्या फोटोला चारी बाजूंनी पांढरी किनार आहे आणि आतल्या कडा सरळ आहेत, त्यावरून मला तशी शंका येते. निगेटिव्ह स्टुडिओनं ठेवली असेल किंवा अकरांपैकी कुणाच्या तरी घरी ट्रंकेत, तेलकट कागदाच्या पाकिटात असेल. ती सापडली तर वरचं सगळं विसरा, ती पुसू नका, धुऊ तर मुळीच नका, पाकिटासकट मला पाठवा.